बापूमामांच्या आंघोळी

लग्न होऊन बनारसला आले, त्याच्या तिसऱ्याच दिवशी मी एका क्रिकेटच्या चेंडूला हळदकुंकू वाहिलं.

यात माझी काडीची चूक नव्हती, हे मी आजही कोणालाही ठणकावून सांगेन. मी साताऱ्याची. मंगला गौरीच्या देवळामागची ती गल्ली, त्यातलं ते बोळासारखं उभंच्या उभं घर, भर दुपारी हात धरून चढावा असला अंधारा जिना, सगळंच मला नवीन. सासूबाईंनी निघताना बजावलं होतं, "काशी आहे बाई, पावलोपावली देव, दिसला की हात जोड." पहिल्या मजल्याच्या वळणावर कोनाडा होता आणि कोनाड्यात लालसर, काळपट, गुळगुळीत असं काहीतरी गोल. मला वाटलं, शेंदूर लावलेला तांदळा. मी हात जोडले, कुंकू लावलं, दोन अक्षता टाकल्या आणि वळते तो वरच्या पायरीवर पंचा नेसलेला एक उंच, काटकुळा माणूस कमरेवर हात ठेवून उभा.

"सूनबाई, काय करते आहेस?"

"देवाला कुंकू लावलं, मामा."

"ते चामडं आहे. जा, पहिले नहाऊन ये. डोक्यावरून."

डिसेंबर होता. मी नुकतीच एकदा न्हाऊन आले होते. नवी नवरी म्हणून गप्प बसले आणि कुडकुडत दुसऱ्यांदा न्हायले. पण मनातल्या मनात त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माझी आणि बापूमामा टोकेकरांची ओळख झाली ती अशी.

ते माझ्या सासूबाईंचे लांबचे मामेभाऊ. घर त्यांचं, खालच्या मजल्यावर आम्ही दोघं बिऱ्हाडकरू, तिसऱ्या मजल्यावर ते एकटे. लग्न केलं नाही. "दिवसभर चामडं हाताळणाऱ्याला आमच्यात मुलगी कोण देतो?" असं स्वतःच सांगायचे. माझं मत विचाराल तर, मुली तयार असतील. इतक्या वेळा आंघोळ करायला कोणी तयार झाली नसेल. गेल्या साली मी सुट्टीला माहेरी गेले होते तेव्हा ते गेले. म्हणून हे लिहायला बसले, नाहीतर त्यांच्या हयातीत हे लिहायची माझी काय छाती होती!

बापूमामा आमच्या वस्तीतले एकमेव फर्स्ट क्लास क्रिकेटर. रामघाटाच्या आसपासच्या मराठी घरांतून ढीगभर विद्वान निघाले. समारंभाला ओळख करून द्यायची तर, हे वेदमूर्ती, हे घनपाठी, हे ज्योतिषाचार्य आणि हे डावखुरे फिरकी गोलंदाज. लोक पहिल्या तिघांना नमस्कार करायचे आणि चौथ्यापाशी येऊन म्हणायचे, "अच्छा, अच्छा." राज्याच्या संघाकडून ते नऊ सामने खेळले. नऊच का, दहावा का नाही, हा त्यांच्या आयुष्याचा एकमेव विषय होता. तो निघाला की समोरच्याची सुटका नसे.

पण त्याआधी त्यांचे वडील सांगायला हवेत. तात्या टोकेकर म्हणजे कडक सोवळं. मी आले तेव्हा ते भिंतीवर फोटोत होते. पण फोटोतूनही असे बघायचे की मी पदर सारखा करायची. मुलगा क्रिकेट खेळतो म्हटल्यावर त्यांनी मनाई केली नाही. तेवढं ते उदार. फक्त अट घातली. चामडं उंबऱ्याच्या आत येणार नाही आणि चामड्याला हात लावलेला माणूस गंगेत बुडी मारल्याशिवाय वर येणार नाही. म्हणून चेंडू जिन्यातल्या कोनाड्यात, बूट कॅनव्हासचे आणि सरावाहून आलं की बापूमामा थेट घाटावर. तात्या पायरीवर बसून बघायचे. शेंडी बुडली नाही तर पुन्हा बुडी.

"बॅटिंगला मी अकरा नंबरवर जायचो," बापूमामा सांगायचे. "ग्लोव्हज पण चामड्याचेच ना! जेवढा कमी स्पर्श, तेवढं बरं. मी पहिल्या बॉललाच आऊट होऊन जायचो. पुण्य लागायचं."

क्रिकेट सुटलं, पुढे तात्याही गेले. पण नियम राहिला. कधी चेंडू हातात घेऊन दोन मिनिटं फिरवला तरी पंचा खांद्यावर टाकून निघाले घाटाकडे. मी सासूबाईंना फोनवर म्हटलं, "यांना एवढं स्वच्छ राहून करायचंय काय?" सासूबाई म्हणाल्या, "तू आधी तुझी खोली झाड."

त्यांचं दुसरं वेड उष्ट्याचं. आता मला सांगा, ज्या गावात बोलणारा माणूस आधी मान वर करतो, गालातला पानाचा तोबरा सांभाळतो, मग बोलतो आणि बोलून झालं की भिंत रंगवतो, त्या गावात राहून थुंकीचा तिरस्कार करायचा, म्हणजे रोज मरणच. बापूमामा गल्लीतून असे चालायचे, की जणू समोरून कोणी रंगपंचमी खेळतंय. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी नाही, दुसऱ्याच्या ताटातला घास नाही. आम्ही दिलेला चहासुद्धा कपातून नाही. "कप कोणाकोणाच्या तोंडाला लागला असेल, काय भरोसा?" कोपऱ्यावरच्या दुकानातून मातीचा कुल्हड आणायचा, पिऊन फोडून टाकायचा. कुल्हड हा काशीचा सगळ्यात मोठा शोध, असं ते गंभीरपणे म्हणायचे. इथल्या विद्वानांनी हे ऐकलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे.

आणि या माणसाला खेळाडू म्हणून नोकरी मिळाली ती पोस्टात! तिकीट चाटून चिकटवायचा जमाना. त्यांच्या खिडकीसमोर कोणी जीभ बाहेर काढली की आतून आरोळी यायची, "रुकिए!" आणि ओल्या स्पंजची डबी पुढे यायची. एकदा एक वकील हट्टाला पेटला. म्हणाला, जीभ माझी, तिकीट माझं, लिफाफा माझा. बापूमामा म्हणाले, "और मोहर मेरी." शिक्का मारायचं साफ नाकारलं. वकिलानं वरपर्यंत तक्रार केली. वरून चौकशी आली, तिला बापूमामांनी उत्तर लिहिलं आणि ते पाकीट डिंकाने चिकटवून पाठवलं.

तर, नऊ सामने. दहावा का नाही? ही गोष्ट मी वीस वर्षांत इतक्या वेळा ऐकली की मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नसताना मी ती तुम्हाला अभिनयासकट सांगू शकते. संघाचा कप्तान होता ठाकूर. धिप्पाड, मिशीवाला, वेगवान गोलंदाज. वेगवान गोलंदाज म्हणे चेंडूची एक बाजू थुंकी लावून लावून चकचकीत ठेवतात. (हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, शी! बापूमामा इतके खूश झाले की त्या दिवसापासून मी त्यांची लाडकी सूनबाई.) ठाकूर सकाळपासून थुंकी लावणार, घासणार, लखलखीत करणार आणि मग तो चेंडू फिरकीसाठी बापूमामांकडे येणार. बापूमामा तो हातानं झेलायचेच नाहीत. धुतलेला पांढरा रुमाल पसरायचे, त्यात घ्यायचे आणि खसाखसा पुसून काढायचे. सगळी चमक रुमालात.

"ठाकूर भडकला ना! बोलला, टोकेकर, मैं सुबह से थूक रहा हूँ, तू पोंछ रहा है! मी म्हटलं, कप्तान, उष्टं मी खात नाही आणि उष्टं मी टाकत पण नाही. तो बोलला, फिर बाहर बैठो. मी म्हटलं, बैठूंगा. बस. तत्त्वासाठी बसलो, सूनबाई. खेळ नाही सोडला मी, थुंकी सोडली."

ऐकायला भारी. फक्त एक होतं. हा प्रसंग कधी कानपूरला घडायचा, कधी आग्र्याला, एकदा तर बरेलीला. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मैदान महत्त्वाचं नाही, तत्त्व महत्त्वाचं आहे." गोष्ट सांगून झाली की ते खोबरेल तेलाची वाटी घ्यायचे आणि डाव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाला हळूहळू तेल चोळत बसायचे. त्या बोटाच्या टोकाला एक जुना, आडवा वण होता. मला वाटायचं, विळीवर कापलं असेल. एकट्या पुरुषाचा स्वयंपाक, कापायचंच.

मग करोना आला. घरात कोंडून घातल्यावर सगळे कातावले होते. बापूमामांचा मात्र सुवर्णकाळ. सारं जग त्यांच्या नियमानं वागायला लागलं. हात धुवा, लांब राहा, कोणाचं उष्टं खाऊ नका. आणि एक दिवस पेपरात बातमी आली, की क्रिकेटमध्ये चेंडूला थुंकी लावायला बंदी. जिन्यातून अशी आरोळी आली की मला वाटलं कोणी पडलं.

"सूनबाई! वाच! मोठ्यानं वाच!"

मी खालच्या पायरीवर, ते वरच्या, मध्ये सहा फुटांचं अंतर. मी बातमी तीनदा वाचली. त्यांनी ती कापून कोनाड्याच्या वर भिंतीला चिकटवली. आणि ठाकूरला पत्र लिहिलं. जुन्या खेळाडूंकडून पत्ता काढला, पोस्टातलाच माणूस तो. पत्रात एकच ओळ. "अब तो मान जाइए."

त्यानंतर सुरू झालं वाट बघणं. "येईल. याच जिन्यानं येईल. चूक झाली बोलेल." रोज पोस्टमनला विचारणं. महिने गेले, बंदी कायमची झाली, वर्षं गेली. घाटावरची टवाळ मंडळी हाक मारायची, "का गुरू, ठाकुर साहब आए?" बापूमामा तोऱ्यात म्हणायचे, "आएँगे." मला आधी हसू यायचं. मग राग यायला लागला. मग खरं सांगते, वाईट वाटायला लागलं. सत्तरी उलटलेला माणूस, जगात त्याला दुसरं काही नको होतं. फक्त कोणीतरी म्हणावं, टोकेकर, तू खेळात कमी नव्हतास, तुझी चूक नव्हती. एवढंच. एवढ्यासाठी तो चपलांचा आवाज आला की जिन्यात वाकून बघायचा.

आणि गेल्या सालच्या मार्चमध्ये ठाकूर आला.

शाळेत शिकवून मी परत येत होते. रामघाटाच्या तोंडाशी एक म्हातारा काठी टेकून दुकानदाराला विचारत होता, "टोकेकर का मकान? स्पिनर था." मुंडन केलेलं डोकं, मिशीही गेलेली, धिप्पाडपणाचा नुसता सांगाडा आणि दोन्ही हात थरथरणारे. बायकोचं वर्षाचं श्राद्ध करायला आला होता. नाव विचारलं, तर ठाकूर! मी म्हटलं, चला, मीच नेते. कोपऱ्यावरून तीन कुल्हड चहा घेतला आणि जिन्याला लागलो.

पहिल्या वळणावर ते दम खायला थांबले. कोनाड्यातला चेंडू बघितला, चष्मा पुसून भिंतीवरचं कात्रण वाचलं.

"यह काहे चिपका रखा है, बहू?"

मी म्हटलं, आपण थुंकीवरून त्यांना संघातून काढलंत ना, म्हणून.

"थूक? थूक पर कौन किसको निकालता है? आधी टीम पान खाती थी. चिट्ठी आई थी, हमारी समझ में ही नहीं आया कि क्या मान जाएँ."

"मग?"

"उँगली फटती थी उसकी. स्पिनर की उँगली पर घट्ठा पड़ना चाहिए, पत्थर जैसा. उसकी चमड़ी गली रहती थी, बच्चे जैसी. जाड़े में दो ओवर डालता, तीसरे में उँगली फट जाती. गेंद पर खून! पूछो तो बोलता, नहाते में लोटा लग गया. हर मैच में लोटा! हमने पूछा, दिन में कितनी बार नहाते हो? बोला, जितनी बार गेंद छूता हूँ. तो हमने कहा, भाई, एक महीना मत नहाओ. घट्ठा पड़ जाएगा, तुमसे अच्छा लेफ्ट आर्म हमारे पास है नहीं. बस, उसी दिन से बोलना बंद, आना बंद."

चहा सांडला हातावर, तेही कळलं नाही. म्हणजे रुमालात चेंडू घ्यायचे ते थुंकी पुसायला नव्हे, रक्त लपवायला! आणि हा माणूस आता वर जाऊन हे सगळं धडाधडा बोलणार. मी म्हटलं, "ठाकूरसाहेब, हात जोडते, हे वर बोलू नका. ते पाच वर्षं तुमची वाट बघताहेत." ठाकूरांना दम लागला होता. ऐकलं की नाही, तेही कळेना. उरलेला जिना मी देवाचं नाव घेत चढले.

बापूमामा दारात उभे होते. चपला ओळखीच्या नाहीत, हे त्यांना ऐकूनच कळलं असणार. त्यांनी ठाकूरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग बापूमामा म्हणाले, "आइए, कप्तान साहब," आणि खुर्ची सरकवली. मी कुल्हड दिले. ठाकूरांना तो दोन्ही हातांनीही धड धरता येईना. दोन घोट घेतले, थोडा धोतरावर.

"चिट्ठी मिली थी?"

"मिली थी."

"तो?"

ठाकूरांनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीवरच्या तात्यांच्या फोटोपाशी ती थांबली, बराच वेळ थांबली.

"गलती हमारी थी, टोकेकर. तुम सही थे. तुम्हारी बॉलिंग में कोई कमी नहीं थी. उसी थूक की बात पर हमने तुमको बैठाया."

माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, आता बापूमामा खिडकी उघडून गल्लीला ओरडून सांगणार. घाटावर जाऊन एकेकाचा समाचार घेणार. पण ते आपला डावा हात उलटा करून बोटाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"सूनबाई, हा खोटं बोलतो आहे. माझ्यासाठी बोलतो आहे."

"मामा..."

"लोटा नव्हता लागत मला कधी. बोट फाटायचं. हा तर बोलला होता, एक महिना नको नहाऊ. पण पायरीवर तात्या बसलेले असायचे. त्यांना काय सांगू? की तुमच्या सोवळ्यानं माझं बोट खाल्लं? त्यांनी मला खेळू दिलं, तेच किती मोठं होतं त्यांच्यासाठी. लोकं विचारायची, क्या हुआ, खेल क्यों छूटा? कोणावर तरी टाकायला पाहिजे होतं. हा दूर राहायचा. याच्यावर टाकलं." मग ठाकूरांकडे बघून म्हणाले, "चालीस साल गाली दी आपको, कप्तान. माफी आपको नहीं, मुझे माँगनी थी."

ठाकूर नुसतं "अरे, अरे" करत राहिले. त्यांच्या हातातला कुल्हड आता फारच हिंदकळायला लागला होता. बापूमामांनी पुढे होऊन तो काढून घेतला. मला वाटलं, खाली ठेवताहेत. त्यांनी तो तोंडाला लावला.

"टोकेकर! जूठा है!"

"मालूम है," बापूमामा म्हणाले आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

मी तिथून उठले आणि खाली येऊन ओट्यापाशी उभी राहून मनसोक्त रडले. या माणसासाठी आपण रडू, असं मला त्या डिसेंबरात कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

शाळेला सुट्टी लागली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी माझी साताऱ्याची, माहेरची गाडी होती. निघताना पाया पडायला वर गेले. वळणावर बघते तर कोनाडा रिकामा. खोलीचं दार उघडं. बापूमामा खिडकीशी बसले होते, तात्यांच्या फोटोच्या बरोबर खाली. डाव्या हातात चेंडू होता, उंबऱ्याच्या आत, आणि ते त्याला बोटानं हळूच पीळ देत हवेत उडवत होते, झेलत होते, पुन्हा उडवत होते. एवढं वय झालं तरी चेंडू हातात वळवळत उतरायचा. मला एकदम उमगलं, हा माणूस खरोखरच चांगला खेळत असणार.

माझ्या पर्समध्ये कुंकवाची डबी होती. मी म्हटलं, "मामा, आता लावू का याला?"

त्यांनी चेंडू पुढे धरला. मी कुंकू लावलं, त्यांना नमस्कार केला आणि सवयीनं म्हटलं, "घाटावर निघायचं असेल ना आता? आंघोळ राहिली असेल तुमची."

त्यांनी खिडकीतून खाली गंगेकडे बघितलं. मग तात्यांकडे.

"बघू," म्हणाले.